सायकल अंगाला बसली पाहिजे

गिरगावातल्या शिंप्याकडे साधा लेंगा शिवायला टाकला तरी तो गळ्यातली टेप काढून कंबर, उंची, मांडी अशी मापे वहीत लिहून घेतो. चप्पल घेताना आपण दुकानात चार पावले चालून पाहतो. चष्म्याची काडी कानामागे टोचली, तर ती वाकवून घेतल्याशिवाय दुकानातून हलत नाही. आणि ज्या वस्तूवर बसून एका तासात प्रत्येक गुडघा चार-साडेचार हजार वेळा वाकवायचा, ती सायकल मात्र आपण रंग पाहून, गिअर मोजून आणि शेजाऱ्याने कोणती घेतली ते विचारून घरी आणतो. माप घेण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही. दुकानदार विचारत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते सुचत नाही.

याचे परिणाम दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या गॅलरीत पाहायला मिळतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडे सायकलीची हौस नव्याने आली. पहाटे पाच-साडेपाचला दादरहून प्रभादेवी, वरळी नाका, हाजी अली, पेडर रोडचा चढ आणि मग चौपाटीवरून मरीन ड्राइव्ह, अशी रपेट करणारे चाळिशी-पन्नाशीतले स्त्री-पुरुष दिसू लागले. हलकी फ्रेम, अरुंद टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, असा सगळा थाट. पहिला महिना उत्साहात जातो. दुसऱ्या महिन्यात तळहाताला मुंग्या येऊ लागतात, मान आखडते, गुडघा कुरकुरतो, बसायच्या जागी दुखते ते वेगळेच. तिसऱ्या महिन्यात सायकल गॅलरीत भिंतीला टेकते आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत पडतात. घरातले म्हणतात, “वय झालं आता, चालायला जात जा.” स्वारालाही ते पटते.

माझे म्हणणे असे की, यातल्या पुष्कळ प्रकरणांत वयाचा काही संबंध नसतो. दोष सीटच्या दोन इंचांचा असतो.

आपण माप का घेत नाही, याला इतिहास आहे. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीची सायकल म्हणजे काळी, भक्कम, २८ इंची चाकांची. तिची फ्रेम प्रामुख्याने २२ किंवा २४ इंची. माणूस पाच फुटांचा असो वा पावणेसहा फुटांचा, सायकल तीच. पोरे तर आडव्या दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला काढून ती शिकत. तासाच्या भाड्याने आणलेल्या त्या धुडावर ज्यांनी गल्लीत गुडघे फोडून घेतले, त्यांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली: सायकल असते तशी असते, जमवून घ्यायचे ते आपण.

परंतु त्या काळ्या सायकलीला कमी लेखण्याचे कारण नाही. लालबाग-परळचा गिरणी कामगार बहुधा चालतच पाळीला जाई, कारण चाळ आणि गिरणी हाकेच्या अंतरावर. सायकल होती ती माल वाहणाऱ्याची. दूधवाला, पाववाला, टपालवाला आणि १८९० पासून या शहराला जेवू घालणारे डबेवाले. डबेवाल्याच्या हँडलला आणि कॅरिअरला डब्यांची ओझी लटकलेली असतात. त्याला वेगापेक्षा तोल महत्त्वाचा. गर्दीत समोरचे दूरवर दिसले पाहिजे, क्षणात पाय टेकता आला पाहिजे. म्हणून हँडल उंच, पाठ ताठ, आणि शरीराचा सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो म्हणून सीट रुंद, स्प्रिंगांची. त्या कामाला ती बैठक अगदी योग्य आहे. कोणत्या कामासाठी बसायचे ते आधी ठरते आणि मग कसे बसायचे ते, हा धडा डबेवाल्याची सायकल देते. आपण नवी सायकल घेताना नेमका हाच धडा विसरतो. काम असते रविवारी वीस किलोमीटर फिरून येण्याचे, आणि बैठक उसनी घेतो शर्यतीच्या छायाचित्रातून.

आता बैठक म्हणजे काय ते पाहू. सायकल आणि शरीर यांची भेट तीन ठिकाणी होते: पाय पायडलवर, बैठक सीटवर आणि हात हँडलवर. या तीन बिंदूंतली अंतरे म्हणजेच बैठक. त्यातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे अंतर सीटच्या उंचीचे.

याची घरगुती रीत फार जुनी आहे आणि फुकट आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक येतो. जाणकार हा बाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा असे मानतात.

आकडे आवडणाऱ्यांसाठी आकडेही आहेत. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांत घट्ट वर सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. समजा, ती ८० सेंटिमीटर आली. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी सुचवले की, खाली असलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर या मापाच्या १०९ टक्के असावे. म्हणजे ८७.२ सेंटिमीटर. पुढे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा अमेरिकन शिष्य ग्रेग लेमाँड यांच्यामुळे दुसरे सूत्र प्रसिद्ध झाले. पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणायचे आणि येणारे अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचे. आपल्या उदाहरणात ते ७०.६ येते. त्यात क्रँकची नेहमीची १७ सेंटिमीटर लांबी मिळवली की ८७.६. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली माणसे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत एकमेकांना भेटली! अर्थात सूत्र म्हणजे पत्रिका नव्हे. बुटाचा तळवा जाड असतो, कोणाच्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात. सूत्राने सुरुवात करावी आणि शेवटचा शब्द शरीराला द्यावा.

सीट खाली असली की काय होते? गुडघा प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा जास्त दुमडतो, त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो, आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. जिना चढताना प्रत्येक पायरी दीडपट उंच असावी, तसा हा प्रकार. मांडीचे मोठे स्नायू पुरते उलगडतच नाहीत, म्हणून ताकदही वाया जाते. उलट सीट फार वर गेली, तर पाय पायडलपर्यंत पोहोचवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याची मागची बाजू दुखते.

मुंबईत यातला पहिला दोष शंभर जागी दिसतो आणि त्याचे कारण रस्त्यावर आहे. दादर टी.टी.पासून भायखळ्यापर्यंत डॉ. आंबेडकर मार्गावर सिग्नल, बस, हातगाडी, रस्ता ओलांडणारी माणसे. कधी थांबावे लागेल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येकाला सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. पाय टेकतील इतकी सीट खाली घेतली की पायडल मारायला ती चार बोटे बुटकी होते. यावर उपाय सीट खाली घेण्याचा नाही, उतरण्याची रीत बदलण्याचा आहे. थांबताना ब्रेक लावायचा, सीटवरून पुढे घसरून दांडीवर दोन्ही बाजूंना पाय घेऊन उभे राहायचे, एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर. निघताना त्या पायडलवर उभे राहायचे, सायकल चालू लागली की सीटवर बसायचे. रिकाम्या गल्लीत दोन संध्याकाळी सराव केला की हे अंगवळणी पडते. ज्यांना भीती वाटते, विशेषतः ज्येष्ठांना, त्यांनी सुरुवातीचे काही आठवडे सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवली तर आकाश कोसळणार नाही. पण मग ती दर आठवड्याला थोडी थोडी वर न्यायची, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न सीट पुढे-मागे किती सरकवायची. जुन्या वस्तादांची रीत गवंड्यासारखी होती: पायडल समोर आडवे आणायचे, गुडघ्याच्या वाटीपासून ओळंबा सोडायचा, तो पायडलच्या कण्यावर पडला की काम झाले. यावर पुढे आक्षेप आले. अमेरिकेतले सायकल बांधणारे कीथ बाँट्रेगर यांनी दाखवून दिले की, या ओळंब्यामागे शास्त्रीय आधार असा काही नाही. ओळंबा सुरुवातीची खूण म्हणून चालेल, खरी कसोटी तोलाची. सरळ रिकाम्या रस्त्यावर, पायडल मारत असताना हातांचा भार क्षणभर हलका करून पाहा. बोटे हँडलवरच राहू द्या. धड पुढे कोसळत असेल, तर तुमचे वजन हात पेलत आहेत. तळहाताच्या मुंग्या तिथूनच येतात. करंगळीकडे जाणारी नस तळव्याच्या कडेला दाबली जाते आणि बोटे बधिर होतात. अशा वेळी सीट किंचित मागे घेतल्याने पुष्कळांना आराम पडतो. सीटचा पृष्ठभाग मात्र पाणसळीत, म्हणजे सपाट असावा. टोक खाली झुकले की माणूस घसरत पुढे जातो, वर उठले की नाजूक जागी दाब येतो. तिथला बधिरपणा लाजेपोटी कोणी बोलत नाही. तो दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

तिसरा बिंदू हँडल, आणि सगळा मोह इथे आहे. शर्यतीतले स्वार वाकून बसतात ते दिसायला छान म्हणून नव्हे. ताशी तीस किलोमीटरला सपाटीवर माणसाची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. त्यातही अडथळा सायकलीपेक्षा स्वाराच्या अंगाचाच अधिक. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. हात पुढे जोडून छाती झाकणाऱ्या नव्या हँडलावर तो २४.५ किलोमीटर धावला आणि संपूर्ण शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकला. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग वापरून घरी सायकल बनवली. कोपरे छातीखाली दुमडून तो एका तासात ५१.५९६ किलोमीटर गेला आणि जागतिक विक्रम झाला. ती बैठक इतकी प्रभावी ठरली की पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्यावर बंदी घातली.

ही उदाहरणे ऐकून आपल्या शर्यतवेड्या पुतण्याने हँडल आणखी खाली केले, तर त्याला विचारावे: लालबागला तुझा वेग किती? ताशी पंधरा-अठरा किलोमीटरला वाकून मिळणारा फायदा किरकोळ असतो आणि तोटा मोठा. मान वर न उचलता टॅक्सीचे उघडणारे दार दिसत नाही, सुटलेला पेव्हर ब्लॉक दिसत नाही, पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा तर देवालाही दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर हँडल सीटच्या पातळीला किंवा बोटभर वर, हात ब्रेकच्या मुठींवर आणि कोपरे सैल वाकलेली, हीच बैठक शहाणपणाची. कोपर ताठ ठेवले की प्रत्येक खड्डा थेट खांद्यात आणि मानेत जातो. वाकलेले कोपर म्हणजे देवाने दिलेले स्प्रिंग.

यावर कोणी म्हणेल, मग वेगाचे काय? आराम हवा असेल तर वेग सोडायचा आणि वेग हवा असेल तर दुखणे सोसायचे, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते. जी बैठक शेवटच्या किलोमीटरपर्यंत टिकते, तीच वेगवान. याचा दाखला लांब पल्ल्याच्या शर्यतींत मिळतो. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. १९८३ साली तिच्यात मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू इतके थकले की त्याला डोके वर धरता येईना. तेव्हापासून त्या व्याधीला त्याचेच नाव पडले. पाय शाबूत, दम शाबूत आणि डोके खाली लोंबते आहे, अशा अवस्थेत कसला वेग? हीच शर्यत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून पुरी केली, तर २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकेकट्याने. इतक्या अंतरावर बैठकीचा किरकोळ दोषही किरकोळ राहत नाही. तो शरीराकडून व्याजासकट वसूल होतो.

जवळचे उदाहरण हवे तर मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे घ्या. मराठी घरांना ती ठाऊक आहे ‘घाटांचा राजा’ या किताबामुळे. खोपोलीपर्यंतच्या सपाटीवर स्वार वाकलेले असतात. बोरघाट लागला की वेग पडतो, हवेचा अडथळा जवळजवळ संपतो. मग तेच स्वार हात हँडलच्या वरच्या भागावर घेतात, छाती मोकळी करून श्वास भरून घेतात, मध्येच पायडलवर उभे राहतात. एकाच माणसाच्या एकाच शर्यतीत तीन-चार बैठका. आपणही दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदलावी, पेडर रोडच्या चढावर जरा वर यावे. पुतळ्यासारखे एकाच अवस्थेत राहण्याला बैठक म्हणत नाहीत.

घरातल्या स्त्रियांबद्दल आणि मुलांबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण अन्याय त्यांच्यावर अधिक होतो. नवऱ्याने स्वतःसाठी घेतलेल्या सायकलीवर बायको सीट खाली करून बसते. पण सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही. ती ताणून पुढे वाकते आणि खांदे धरतात. बैठकीच्या हाडांमधले अंतर प्रत्येकाचे निराळे, स्त्रियांचे सहसा अधिक. त्यामुळे दुसऱ्याची अरुंद सीट सोसत बसण्यात काही पुरुषार्थ नाही. सीट हा बदलता येणारा भाग आहे. हँडल आणि फ्रेम जोडणारा तुकडा, ज्याला दुकानात स्टेम म्हणतात, तोही आखूड मिळतो.

मुलांच्या बाबतीत आपला हिशेब ठरलेला: “मोठीच घे, दोन वर्षं चालेल.” गणवेश असा घेतला तर बाह्या दुमडता येतात. सायकल दुमडता येत नाही. मोठ्या सायकलीवर मुलाची बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत, थांबताना दांडीवर आपटण्याची भीती असते, आणि पडले की दोष मुलाच्या धांदरटपणाला. मुलाला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून निवांत उभे राहता येते का आणि बोटांची दोन पेरी ब्रेकवर बसतात का, एवढे तरी पाहूनच पैसे द्यावेत. बहुतेक ब्रेकच्या मुठीत त्या जवळ घेण्यासाठी बारीक स्क्रू असतो. तो फिरवून द्यायला दुकानदाराला सांगावे.

जुने लोक म्हणतील, आम्ही कुठे मापे घेतली होती? तेही थोडीबहुत घेत होतेच. कोपऱ्यावरचा सायकलवाला पाना लावून सीट वर-खाली करून देई आणि “बसून बघा” म्हणे. ते एक वाक्य आजच्या झगमगीत दुकानांतून हरवले आहे. साठ हजारांची सायकल विकणाऱ्याने पायाचे माप घेण्यासाठी दहा मिनिटे काढू नयेत, हे मला पटत नाही. गिऱ्हाइकानेही भिडस्तपणा सोडावा. सीट लावून घेतल्याशिवाय, एक लांब फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अंगाला बसणारी पंधरा हजारांची सायकल, अंगाला न बसणाऱ्या साठ हजारांच्या सायकलीहून कितीतरी चांगली, कारण ती वापरली जाते.

ज्यांची सायकल आधीच घरात आहे, त्यांनाही मोठा खर्च नाही. पाना किंवा एलन की, मोजपट्टी, चिकटपट्टी आणि बाजूने पाहणारे घरातले कोणी, एवढे पुरते. सध्याच्या जागी चिकटपट्टीने खूण करावी, म्हणजे परतीची वाट राहते. एका वेळी एकच बदल, तोही पाच मिलिमीटरचा, आणि मग दोन-तीन फेऱ्या. गुडघा पुढून दुखतो तर सीट वर, मागून दुखतो तर खाली, हाताला मुंग्या येतात तर भार मागे, मान दुखते तर हँडल वर किंवा जवळ. एवढे करूनही दुखणे हटले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. सायकलीच्या पान्याने सगळी दुखणी बरी होत नाहीत.

शरीर आपल्या परीने सांगत असते. मुंगी, कळ, आखडणे ही त्याची भाषा. ती ऐकून न घेता आपण एकदम वयाचा निकाल लावून मोकळे होतो आणि चाळिशीतच पायांना निवृत्त करतो. आज रविवार आहे. गॅलरीतल्या सायकलीवरचे टॉवेल दोरीवर टाका, टायरमध्ये हवा भरा आणि खाली गेलेल्या पायडलवर टाच ठेवून पाहा, गुडघा सरळ होतो का. होत नसेल, तर सीट वर घ्या.